सिनेमा वाईट होता की टीव्हीचं सेटिंग?

सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. दिवाळीत नणंदा, भाचरं मिळून घरात 11 माणसं होती. दसऱ्याला 55 इंची नवा टीव्ही घेतलेला, म्हणून सुटीत सहा चित्रपट आणि चार दिवाळी विशेष कार्यक्रम सगळ्यांनी बसून पाहिले. ताई रोज रात्री घरच्या ग्रुपवर आपलं मत लिहायच्या; ती मतंही त्यांनी पत्रासोबत पाठवली आहेत. त्या म्हणतात, "प्रत्येक पिक्चर सिरियलसारखाच दिसत होता. बोलणं ऐकू येईना, आणि गाणं लागलं की शेजाऱ्यांपर्यंत आवाज. सासऱ्यांसाठी जुना कृष्णधवल सिनेमा लावला तर माणसांची डोकी कापलेली. मी जे वाटलं ते लिहिलं, तर भाची रुसली की मामी, तू शेवटच सांगून टाकलास. आणि जाऊबाई म्हणाल्या, एवढा चांगला सिनेमा तुला कळला नाही. मला खरंच सिनेमा कळत नाही का? मत द्यायचं बंद करू का?"

ताई, मत द्यायचं अजिबात बंद करू नका. तुमच्या पत्रात चार तक्रारी आहेत आणि त्यातल्या तीन सिनेमाबद्दलच्या नाहीतच. त्या टीव्हीच्या आहेत. तुम्ही बरोबर पाहिलंत, फक्त दोष चुकीच्या खात्यात टाकलात. तेव्हा आधी टीव्ही सरळ करू, मग लिहिण्याकडे वळू.

"सिरियलसारखा दिसतो" हे तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांनी बनतो. टीव्हीवरच्या कार्यक्रमांचं चित्र आपल्याकडे सेकंदाला 50 वेळा बदलत आलं आहे. मालिका, बातम्या, क्रिकेट सगळं त्या गुळगुळीत हालचालीत पाहून डोळ्याला सवय झाली आहे, की असं दिसलं म्हणजे टीव्हीचा कार्यक्रम. आता नवे टीव्ही काय करतात, तर सिनेमाच्या दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी चित्रं तयार करून भरतात. हालचाल लोण्यासारखी होते आणि लाखो रुपयांचा सेट नाटकाच्या नेपथ्यासारखा दिसू लागतो. अभिनयही खोटा वाटतो, कारण चेहरा वळताना त्यात एक विचित्र तरंगतेपणा येतो. खात्री करायची असेल तर कॅमेरा बाजूला सरकत असताना चालणाऱ्या माणसाच्या डोक्याभोवती बघा. केसांच्या कडेला पाण्यासारखी हलणारी किनार दिसली की समजा, भर घातली जाते आहे.

हे बंद करायला सेटिंग्जमध्ये 'पिक्चर' आणि त्यात पुढे 'अ‍ॅडव्हान्स्ड' किंवा 'एक्स्पर्ट' असं असेल तिथे जा. सॅमसंगमध्ये याचं नाव 'पिक्चर क्लॅरिटी' (जुन्या संचांत 'ऑटो मोशन प्लस'), एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो'. बाकी कंपन्यांत 'मोशन' हा शब्द शोधा. ते 'ऑफ' करा. मग पिक्चर मोड 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर मोड' यांपैकी जो असेल तो निवडा. 'व्हिव्हिड' हा दुकानातल्या झगझगाटात उठून दिसण्यासाठी असतो. घरात त्याने चित्र निळसर आणि रंग भडक होतात. सिनेमा मोडमध्ये पहिले दोन दिवस सगळं पिवळट वाटेल. थांबा, डोळा रुळतो. वीज वाचवणारा 'इको' पर्याय रात्रीच्या सिनेमापुरता बंद ठेवा, नाहीतर अंधाराच्या प्रसंगात नुसता काळा पडदा दिसतो.

इथे बहुतेकजण एका ठिकाणी फसतात. अनेक टीव्हींत हे सेटिंग प्रत्येक जोडणीसाठी वेगळं साठवलं जातं. तुम्ही सेट-टॉप बॉक्सवर बदललंत, तर टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपला ते लागू होईलच असं नाही. शिवाय एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारा, 'HDR' असं लिहिलेला) चित्रपट सुरू झाला की टीव्ही वेगळ्याच मोडमध्ये जातो. म्हणून बॉक्सवर एकदा, अ‍ॅपमध्ये साधा सिनेमा चालू असताना एकदा आणि एचडीआर सिनेमा चालू असताना एकदा, असं तीन वेळा तपासा. क्रिकेटसाठी गुळगुळीत हालचाल आवडत असेल तर 'स्पोर्ट्स' मोडमध्ये ती खुशाल राहू द्या.

आता कापलेली डोकी. तुमचा टीव्ही सुमारे 122 सेंटिमीटर रुंद आणि 68 सेंटिमीटर उंच आहे. जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौरसाकडे झुकणारी, उंचीच्या 1.37 पट रुंद. भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीचा चित्रपट, 'कागज के फूल', 1959 चा. त्याआधीचं आपल्याकडचं जवळजवळ सगळं त्या जुन्या चौकटीतलं, आणि त्यानंतरचंही पुष्कळसं. असा सिनेमा तुमच्या टीव्हीवर पूर्ण दिसायचा तर चित्र साधारण 94 सेंटिमीटर रुंद असणार आणि दोन्ही बाजूंना 14-14 सेंटिमीटर काळी पट्टी राहणार. ती पट्टी जागा वाया घालवत नाही, तोच चित्रपटाचा मूळ आकार आहे. कुणीतरी 'झूम' दाबून ती पट्टी घालवली की उंचीतला जवळजवळ पाव भाग वरून-खालून जातो. वर डोकं जातं, खाली पाय. लावणी असेल तर नुकसान आणखी मोठं. नऊवारीचा काठ जिथे संपतो तिथेच चौकट संपते. घुंगरांचा आवाज येतो आणि पाऊल दिसतच नाही. ते नृत्य पावलांसाठी चित्रित केलेलं असतं.

दुसरी चूक 'स्ट्रेच' किंवा 'फुल'ची. त्यात कापलं काही जात नाही, पण सगळे आडवे सुटतात. बैलगाडीचं चाक, थाळी, कपाळावरचा गोल टिळा यांपैकी काहीही पडद्यावर दिसलं की बघा. लंबगोल वाटलं तर चित्र ताणलेलं आहे.

हे दोन ठिकाणी तपासावं लागतं. टीव्हीत 'पिक्चर साइझ' किंवा 'आस्पेक्ट रेशो' मध्ये 'ओरिजिनल' किंवा 'ऑटो' घ्या, आणि सेट-टॉप बॉक्सच्या स्वतःच्या मेन्यूतही तसंच करा. नुसता टीव्ही बदलला आणि बॉक्स ताणूनच पाठवत असेल तर काही उपयोग नाही. दोन्हीकडे बरोबर करूनही डोकी कापलेलीच राहिली, तर ती प्रतच कुणीतरी कापून चढवलेली आहे. मग दुसरी प्रत शोधा, बाजूंना काळ्या पट्ट्या असलेली. नव्या स्कोप चित्रपटांत उलट असतं. पट्ट्या वर-खाली, प्रत्येकी साधारण 8-9 सेंटिमीटर. त्याही राहू द्या.

आवाजाचं कारण थोडं वेगळं. थिएटरसाठी आवाज सहा किंवा जास्त वाटांनी तयार होतो आणि संवाद मुख्यतः मधल्या, पडद्यामागच्या स्पीकरमधून येतात. बहुतेक टीव्हींत तो मधला स्पीकर नसतो. सगळा गठ्ठा दोन छोट्या स्पीकरांत कोंबला जातो, संवाद दबतात, ढोल-ताशे आणि स्फोट वर येतात. त्यात आजचे टीव्ही इतके पातळ की स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. शोकेसच्या कोनाड्यात टीव्ही ठेवला असेल तर आवाज तिथेच घुमतो.

आधी अ‍ॅपमध्ये भाषा निवडतो तिथे बघा. एकाच भाषेच्या दोन नोंदी असतील, एकीपुढे '5.1' लिहिलेलं असेल, तर साधी निवडा. मग टीव्हीच्या 'साउंड'मध्ये 'सराउंड' बंद करा आणि 'क्लिअर व्हॉइस', 'डायलॉग' अशा नावाचं काही असेल ते चालू करा. रात्री 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' लावलात तर गाण्याला उठून रिमोट शोधावा लागणार नाही. एवढ्याने बहुतेक घरांत भागतं. नाहीच भागलं तर साउंडबार घ्यावा, आणि तोही मधला संवादाचा स्पीकर असलेला, म्हणजे खोक्यावर '3.1' किंवा '5.1' लिहिलेला. '2.1' घेऊन धडधड वाढते, बोलणं तेवढंच राहतं. जोडताना टीव्हीच्या 'एआरसी' (ARC, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारी) लिहिलेल्या एचडीएमआय जागेतच वायर लावा.

भाषेचंच आणखी एक. अ‍ॅप बऱ्याचदा आपणहून हिंदी डब लावून मोकळं होतं. दक्षिणेतला एखादा सिनेमा "नाटकी बोलतात" म्हणून तुम्ही नापसंत केला असेल, तर तो मूळ भाषेत आणि उपशीर्षकांसह दहा मिनिटं पाहा. ओठ आणि शब्द जुळले की तोच नट वेगळा वाटतो. सासऱ्यांना उपशीर्षकं वाचायला जड जात असतील तर सोय खुर्चीची करा. 55 इंचांसाठी बसायचं अंतर सात फुटांच्या आसपास हवं. दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाच्या सोफ्यावरून, 14 फुटांवरून, अक्षरं वाचायला जड जातात. पडद्यात प्रतिबिंब पडणारी ट्यूब बंद करा, टीव्हीच्या मागच्या बाजूला एखादा मंद दिवा असू द्या. आणि चिवडा-चकलीच्या वाट्या मध्यंतरात फिरवा. हे गमतीने सांगत नाही, 11 जणांच्या चकलीपुढे हळू बोललेला संवाद टिकत नाही. आपल्याकडचे चित्रपट मध्यंतर धरूनच लिहिलेले असतात. घरी ते दाखवलं जात नाही, म्हणून अर्ध्या वेळेला तुम्हीच थांबवा. उरलेला वेळ पडद्याच्या खाली दिसतोच.

वाहिनीवर पाहिलेल्या सिनेमांबद्दल लिहिण्याआधी एक हिशेब करा. नियमाप्रमाणे तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती असू शकतात. म्हणजे 150 मिनिटांचा सिनेमा पूर्ण दाखवायला तीन तास सात-आठ मिनिटं लागतात. तोच जर भरपूर जाहिरातींसह अडीच तासांत आटोपला असेल, तर अर्ध्या तासाचा सिनेमा तुमच्यापर्यंत पोचलाच नाही. "ती मुलगी अचानक का बदलली कळलंच नाही" असं तुम्ही एकाबद्दल लिहिलंत. बहुधा ते कळणारा प्रसंगच गेला असेल. शिवाय 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा वाहिनीवर जसाच्या तसा दाखवता येत नाही, काटछाट करून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अशा वेळी मतात एवढंच लिहा: "टीव्हीवर पाहिला." वाचणाऱ्याला पुरेसं कळतं.

वेळेचंही बघा. नरक चतुर्दशीला पहाटे चारला उठून अभ्यंगस्नान केलेलं घर रात्री साडेनऊला संथ सिनेमापुढे बसवलं तर निम्मी माणसं घोरणार आणि सिनेमा 'बोअर' ठरणार. त्या दिवशी विनोदी किंवा गाण्यांचं काहीतरी लावा. भाऊबीजेला दार सारखं वाजतं, तेव्हा सलग कथानकाच्या नादी लागू नका. मन लावून पाहायचा सिनेमा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारला. पाहुणे निवांत असतात, फराळ संपत आलेला असतो आणि कुणाला कुठे जायचं नसतं.

दिवाळी विशेष कार्यक्रमांना मात्र सिनेमाची फूटपट्टी लावू नका. मालिकेचा दोन तासांचा विशेष भाग त्या मालिकेच्या रोजच्या प्रेक्षकासाठी असतो. नणंदेला तो कळला नाही यात नणंदेचीही चूक नाही आणि भागाचीही नाही. त्याबद्दल लिहायचं तर एकच सांगा: गोष्ट पुढे सरकली का, की सगळ्यांना नव्या साड्या नेसवून नुसता फराळ दाखवला? पुरस्कार सोहळे तासन् तास चित्रित होऊन कापून-जोडून येतात. समोर बसलेल्यांचे हसरे चेहरे त्याच विनोदावरचे असतील असं धरून चालू नका.

दिवाळी पहाटच्या मैफलीबद्दल तुम्ही फक्त "छान झाली" लिहिलंत, तिथे मात्र तुम्ही कमी लिहिलंत. गाणी पूर्ण होती की मुखडा आणि एक कडवं म्हणून पुढे उडी? तबला-पेटी समोर वाजत होती की मागे तयार ट्रॅक होता? पेटीवाल्याचे हात आणि कानावर येणारे सूर जुळतात का, हे दोन मिनिटं पाहिलं तरी कळतं. आणि निवेदकाने कवी-संगीतकारांची नावं घेतली का? गायकाचं कौतुक पाच मिनिटं आणि ज्याने शब्द लिहिले त्याचं नावही नाही, अशा कार्यक्रमाला कमी लेखलंत तर ते न्याय्यच आहे.

आता लिहिण्याबद्दल. उदाहरणादाखल 2014 चा 'एलिझाबेथ एकादशी' घेऊ. दिवाळीनंतर पंधरवड्याच्या आत कार्तिकी एकादशी येते, म्हणून सुटीत तो बऱ्याच घरी लागतो. साधारणपणे ग्रुपवर असं लिहिलं जातं: "मस्त सिनेमा! मुलांची कामं अप्रतिम. शेवटी डोळ्यांत पाणी येतं. 4 स्टार. जरूर पाहा." यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. उलट शेवटी रडू येतं हे फुटलं.

त्याऐवजी असं: "पंढरपूरच्या एका घराची गोष्ट. घरावर कर्ज आहे आणि मुलांची एलिझाबेथ नावाची लाडकी सायकल विकायची वेळ येते. कार्तिकी वारीची गर्दी इथे नुसती मागे दिसत नाही, पैसे उभे राहतील की नाही हे त्या गर्दीवरच आहे. पंढरपूर देवळापेक्षा गल्ल्या-दुकानांतून जास्त दिसतं, ते मला फार आवडलं. आजी-नातवंडं एकत्र बसून पाहू शकतात. आम्ही अ‍ॅपवर, सलग पाहिला." सहा वाक्यं. कुठली गोष्ट, काय पणाला लागलंय, तुम्हाला नेमकं काय दिसलं, कुणासोबत पाहावा, कसा पाहिला. शेवट कुठेच नाही.

भाचीचं रुसणं टाळायचा सोपा नियम: पहिल्या 20 मिनिटांत जे कळतं तेवढंच कथानक सांगायचं. "शेवट अनपेक्षित आहे" हेसुद्धा लिहू नका, कारण मग माणूस पूर्ण वेळ तो शेवटच शोधत बसतो. शेवटाबद्दल बोलायची उबळ आलीच, तर ज्याने पाहिलाय त्याला फोन करा.

'बोअर' हा शब्द वापरायचा नाही असं ठरवून बघा. त्याऐवजी कुठे कंटाळा आला ते लिहा: "पहिली 40 मिनिटं लग्नाच्या तयारीतच गेली" किंवा "मध्यंतरानंतर नायक गावी जातो, तिथून पुढे एकच भांडण तीनदा होतं." आता जाऊबाई "तुला कळला नाही" म्हणणार नाहीत. फार तर म्हणतील, "मला ती तयारीच आवडली", आणि मग खरी चर्चा सुरू होईल. अभिनयाचंही तसंच. "काम चांगलं केलंय" ऐवजी काय केलं ते सांगा. बातमी ऐकल्यावर ती बाई रडत नाही, गॅस बंद करते आणि मग खाली बसते, हे तुमच्या लक्षात आलं असेल तर तेच लिहा. स्टार देऊ नका. तुमचे तीन म्हणजे 'बरा' आणि जाऊबाईंचे तीन म्हणजे 'वाईट', यावरून वाद होतात.

ग्रुपमध्ये लहान मुलांचे आईवडील आहेत, तर त्यांच्यासाठी एक ओळ जरूर लिहा. आता थिएटरच्या चित्रपटांना आणि अ‍ॅपवरच्या कार्यक्रमांना यूए 7+, 13+, 16+ अशा पायऱ्या आहेत, पण 13+ कशामुळे, हे नुसत्या आकड्यावरून नीट कळत नाही. रक्तपात आहे, शिव्या आहेत की शयनगृहातला प्रसंग, हे सरळ सांगा. प्रत्येक घराची अडचण वेगळी असते.

सिनेमा अर्धाच पाहिला असेल, मध्ये पुरणाला बघायला उठला असाल, तर तेही लिहा: "मधली 25 मिनिटं पाहिली नाहीत." आणि मत दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला लिहा, रात्री लगेच नको. रात्रीत जे प्रसंग आठवणीतून गळून जातात ते बहुधा लिहिण्यासारखे नसतात. मात्र दोन दिवस थांबू नका, तोवर नटाचं नावसुद्धा शोधावं लागतं.

तुम्ही नापसंत केलेल्या सहापैकी सगळे पुन्हा पाहायची गरज नाही. ज्यांत बोलणं कमी आणि अंधाराचे प्रसंग जास्त होते ते दोन निवडा. मोशन बंद, सिनेमा मोड, साधा आवाज लावून फक्त पहिली 30 मिनिटं बघा. तरीही पकड घेत नसेल तर तुमचं पहिलं मत पक्कं धरा आणि जाऊबाईंना तसं सांगा.

सुरुवात सासऱ्यांच्या कृष्णधवल सिनेमापासून करा. रविवारी दुपारी चारला, त्यांची खुर्ची सात फुटांवर, बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून. पहिलं गाणं लागलं की पडद्याच्या खालच्या कडेला बघा, पावलं दिसतात का. दिसली की रिमोट बाजूला ठेवा.